जाळलेली फिडल, जाळलेले चर्च

आजचा धागा लांब आहे आणि नेहमीच्या गडकिल्ल्यांपासून फार दूरचा आहे. विषय नॉर्वेचा, त्यातही बर्गेन या एका पावसाळी बंदराचा. सुरुवात एका मैफलीपासून करतो, कारण मलाही हा इतिहास तिथूनच सापडला.

बर्गेनमध्ये निगोर्सहॉयडेन नावाची टेकडी आहे. वर विद्यापीठाच्या इमारती, आणि खाली टेकडीच्या पोटात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी खडक फोडून केलेला निवारा. १९६९ पासून या निवाऱ्यात रॉक संगीताच्या मैफली होतात. व्यवस्था विद्यार्थी स्वयंसेवक पाहतात. तिकीट फाडण्यापासून ध्वनियंत्रणेच्या तारा ओढण्यापर्यंत सारे तेच. या जागेचे नाव ‘हुलेन’, म्हणजे गुहा. नाव अगदी शब्दशः घ्यावे असेच आहे. आत शिरताना डोक्यावर कमानदार खडक येतो आणि बाहेरचा पाऊस एकदम ऐकू येईनासा होतो.

गेल्या हिवाळ्यात एका स्नेह्यांच्या आग्रहाने मी तिथे गेलो. ते जन्माने बर्गेनचेच, वयाने साठीकडे झुकलेले. त्या रात्री दोन बँड होते. पहिला फोक मेटल वाजवणारा, त्यांच्यात एक तरुणी हार्डांगर फिडल घेऊन उभी. दुसरा ब्लॅक मेटलचा: चेहऱ्याला पांढरा रंग, डोळ्यांभोवती काजळी, आणि कानांत कापूस घातला तरी छातीत जाणवेल असा ढोल. गर्दी दोन्ही बँडना सारख्याच आनंदाने मान हलवत होती.

आमच्या पुढेच एक विशीतला मुलगा उभा होता. त्याच्या सदऱ्यावर जळून कोळसा झालेल्या लाकडी चर्चचे छायाचित्र होते. स्नेह्यांनी ते पाहिले आणि मान दुसरीकडे वळवली. नंतर म्हणाले, “माझ्या आईवडिलांचे लग्न त्या चर्चमध्ये झाले होते.” पुढे त्यांनी काही सांगितले नाही, मीही विचारले नाही. पण रंगमंचावरची ती फिडल आणि सदऱ्यावरचे ते चर्च यांचा एकमेकांशी काय संबंध, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. संबंध आहे, आणि तो आगीचा आहे.

आधी फिडलविषयी. हार्डांगर फिडल दिसायला व्हायोलिनसारखी, पण गजाने वाजणाऱ्या चार तारांच्या खाली आणखी चार-पाच तारा असतात. त्यांना कोणी हात लावत नाही. वरच्या तारा वाजल्या की त्या आपोआप झंकारतात. आपल्या सारंगीला तरफेच्या तारा असतात, त्याच जातीच्या. घोडी चपटी असल्यामुळे वादक बहुधा दोन तारांवर एकदम गज फिरवतो, म्हणून एक सूर सतत भरत राहतो आणि दुसरा त्यावर नाचतो. वाद्याच्या अंगावर शिंपल्याचे जडावकाम, काळ्या शाईची वेलबुट्टी, आणि मानेच्या टोकाला बहुतेक वेळा मुकुट घातलेले सिंहाचे किंवा ड्रॅगनचे डोके. वादक वाजवताना पायाने जमिनीवर ठेका धरतो. वेगळा ताल लागतच नाही.

नॉर्वेच्या पश्चिमेकडील खोऱ्यांत या वाद्याशिवाय लग्न होत नसे. वधूची वरात चर्चच्या दारापर्यंत फिडलवादकाच्या मागोमाग जाई. आणि तरीही लोकमानसात हे वाद्य सैतानाचे होते. धबधब्याखाली राहणारा ‘फोसेग्रिम’ नावाचा जलपुरुष वादन शिकवतो, अशी समजूत होती. गुरुवारी संध्याकाळी, उत्तरेकडे वाहणाऱ्या पाण्याच्या धबधब्यात त्याला मांसाचा नैवेद्य टाकायचा. तुकडा पुरेसा चरबीदार असेल, तर तो शिष्याची बोटे तारांवर रक्त येईपर्यंत घासून विद्या देतो. नैवेद्य चिंगूस निघाला, तर शिष्याला फक्त वाद्य सुरात लावणे जमते, वाजवणे कधीच नाही. (गुरुदक्षिणेच्या बाबतीत जगभरचे गुरू सारखेच काटेकोर असावेत.)

हालिंगदाल खोऱ्यातील ‘फानितुलेन’ या धुनेची कथा याहून काळी आहे. लग्नाच्या मेजवानीत दोन पुरुष सुरे काढून एकमेकांवर धावले. पंगतीची व्यवस्था पाहणारा माणूस बिअर आणायला तळघरात उतरला, तर पिंपावर बसून कोणीतरी फिडल वाजवत होते. धून विलक्षण होती. त्याने ठेका धरणाऱ्या पायाकडे पाहिले, तो खूर होता. माणूस धावत वर आला, तेव्हा झुंजणाऱ्यांपैकी एक मरून पडला होता. धून मात्र त्याच्या कानात राहिली आणि आजही वाजवली जाते. तिच्यासाठी तारा एका खास पद्धतीने लावतात, त्या लावणीला ‘ट्रोल’ या राक्षसाचेच नाव आहे. गंमत अशी, की या दंतकथेवर प्रसिद्ध कविता लिहिणारे योर्गेन मो पुढे बिशप झाले.

सगळे धर्मपुरुष इतके रसिक नव्हते. १७९६ मध्ये हान्स निल्सेन हाउगे या शेतकऱ्याच्या मुलाला नांगर धरला असताना ईश्वरी साक्षात्कार झाला आणि त्याने गावोगाव फिरून प्रवचने सुरू केली. पाद्रीच्या परवानगीशिवाय धर्मसभा भरवणे हा तेव्हा गुन्हा होता, त्यापायी हाउगेने कित्येक वर्षे तुरुंगात काढली. सामान्य शेतकऱ्याला वाचायला, बोलायला, संघटित व्हायला शिकवणारी ही चळवळ नॉर्वेच्या लोकशाहीची एक जननी मानली जाते, आणि ते योग्यच आहे. पण तिच्या प्रभावातून एकोणिसाव्या शतकभर उठलेल्या धर्मजागृतीच्या लाटांनी नाच, दारू आणि फिडल या तिघांना एकाच पापाच्या माळेत ओवले. अनेक वादकांनी पश्चात्तापाच्या भरात आपली वाद्ये स्वतःच्या हातांनी फोडली, चुलीत घातली. काहींनी ती माळ्यावर लपवली. कोणा सरकारी शिपायाने ती हिसकावून घेतली नव्हती, ही गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. वादकाच्या बोटांतल्या धुना त्याच्याबरोबरच गेल्या, कारण त्या कागदावर उतरलेल्या नव्हत्या.

उरलेले वाचवले कोणी? शहरातल्या लोकांनी, आणि त्यांतले बरेचसे याच बर्गेनचे. १८१० मध्ये इथे जन्मलेला ओले बुल हा युरोपभर गाजलेला व्हायोलिनवादक. टेलेमार्कच्या डोंगरांतला तोर्गेर आउगुन्सोन हा गरीब फिडलवादक ‘म्युलारगुत्तेन’, म्हणजे चक्कीवाल्याचा पोर, या नावाने ओळखला जाई. त्यानेही सैतानाशी करार केल्याची वदंता होतीच. बुलने जानेवारी १८४९ मध्ये त्याला राजधानी क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, भद्र श्रोत्यांपुढे उभे केले. गावच्या लग्नातले वाद्य प्रथमच तिकीट काढून, खुर्चीवर बसून ऐकले गेले. पुढे १९०१ मध्ये टेलेमार्कच्याच वृद्ध क्नुत दाले यांच्याकडून योहान हाल्वोर्सेन यांनी धुना लिहून घेतल्या आणि बर्गेनपुत्र एडवर्ड ग्रीग यांनी त्या पियानोसाठी रचल्या. आज बर्गेनच्या मध्यवस्तीत ओले बुलचा पुतळा आहे. तो उंचावर उभा राहून व्हायोलिन वाजवतो, आणि खाली खडकावर पाण्याखालचा जलपुरुष हातात वाद्य घेऊन बसला आहे. हुलेनकडे जाताना आम्ही त्याच्या जवळूनच गेलो होतो.

आता चर्चकडे वळू, कारण त्याची कथाही याच शतकात वळण घेते.

नॉर्वेत मध्ययुगात बांधलेल्या लाकडी चर्चना ‘स्तावकिर्के’ म्हणतात. उभ्या खांबांच्या सांगाड्यावर फळ्या बसवून, अंगाला डांबर चोपडून केलेली ही बांधणी. एके काळी अशी चर्च हजाराहून अधिक असावीत असा अंदाज आहे. आज नॉर्वेत २८ उरली आहेत. त्यांच्या छतांच्या टोकांना ड्रॅगनची डोकी असतात, दारांवर एकमेकांना चावणाऱ्या पशूंची आणि वेलींची नक्षी असते. ऊर्नेस येथील चर्चच्या कोरीव दारात ही व्हायकिंगकालीन कला इतकी जिवंत आहे, की तिच्या शैलीलाच त्या गावाचे नाव मिळाले. थोडक्यात, जुन्या धर्माचे हात नव्या धर्माच्या देवळात सुतारकाम करत होते.

या चर्चना संपवले ते कायद्याने. प्लेग, कुजणे आणि आगी यांतून जी वाचली, त्यांना १८५१ च्या कायद्याने गाठले: चर्चमध्ये तिथल्या वस्तीच्या किमान ३० टक्के लोकांना बसता आले पाहिजे. मध्ययुगीन चर्च छोटी आणि काळोखी. गावांना मोठे, उजेडाचे, पांढऱ्या रंगाचे चर्च हवे होते, आणि जुन्याचे लाकूड विकून नव्याचा थोडा खर्च निघत होता. चित्रकार योहान क्रिस्तियान दाल, हाही बर्गेनचाच, त्याआधीपासून या इमारतींसाठी धडपडत होता. वांग येथील एक चर्च वाचवण्याचा दुसरा मार्ग दिसेना, तेव्हा त्याने प्रशियाच्या राजाला ते विकत घ्यायला लावले. ते चर्च आज पोलंडमधील कार्पाच गावी उभे आहे.

सोग्न प्रदेशातील फोर्तुन गावचे, सुमारे ११५० मध्ये बांधलेले चर्च असेच मोडीत निघणार होते. बर्गेनचे व्यापारी आणि वाणिज्यदूत फ्रेद्रिक गेओर्ग गाडे यांनी ते विकत घेतले आणि १८८३ मध्ये खांब-फळ्या सुट्या करून बर्गेनजवळ फांतोफ्त येथे आणून उभे केले. उभारताना त्यावर मधल्या काळात चढलेले बदल काढले गेले आणि बाहेरचे रूप बोर्गुंदच्या प्रसिद्ध चर्चसारखे घडवले गेले. ड्रॅगनची डोकीही त्यात आली. पुढची शंभर वर्षे पर्यटकांनी ज्या प्राचीनतेची छायाचित्रे काढली, तिचा बराचसा भाग एकोणिसाव्या शतकाने मोठ्या प्रेमाने कल्पिलेला होता. हे लक्षात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल.

६ जून १९९२ च्या पहाटे फांतोफ्तचे चर्च जळाले.

ब्लॅक मेटल हे नाव मुळात इंग्लंडच्या न्यूकॅसलमधल्या व्हेनम या बँडच्या १९८२ च्या अल्बमवरून आले. त्या मंडळींसाठी सैतान हा रंगमंचावरचा धूर होता, घरी जाताना तो पेटीत बंद होई. (फोक मेटलचा आद्य बँड मानला जाणारा स्कायक्लॅडही १९९० मध्ये न्यूकॅसललाच सुरू झाला. ‘आदिम उत्तरेचे’ म्हणून मिरवणाऱ्या या दोन्ही शाखांच्या जन्मपत्रिकेत एक औद्योगिक इंग्रजी शहर आहे, ही बाब त्यांचे चाहते फारशी बोलून दाखवत नाहीत.) नॉर्वेतील विशीच्या आतबाहेरच्या काही मुलांनी मात्र तो धूर खरा मानला. ऑस्लोत १९९१ मध्ये मेहेम या बँडचा गिटारवादक युरोनिमस याने ‘हेल्वेते’, म्हणजे नरक, नावाचे ध्वनिमुद्रिकांचे दुकान उघडले आणि ते या टोळक्याचा अड्डा बनले. संगीताच्या बाजूने पाहता इथे काहीतरी खरोखर नवे घडत होते. गिटारच्या तारांवर अतिशय वेगाने आघात करून एकच स्वरवाक्य धुक्यासारखे पसरवायचे, ढोल थांबूच द्यायचा नाही, आवाज मुद्दाम पातळ, खरखरीत ठेवायचा. पण टोळक्यात संगीताबरोबर चढाओढही वाढत होती: अधिक दुष्ट कोण?

फांतोफ्तनंतर त्याच वर्षी ऑस्लोचे होल्मेनकोलेन चॅपेल जळाले, नाताळच्या आदल्या दिवशी बर्गेनमधले ओसाने चर्च जळाले, आणि पुढे आणखी कितीतरी. ऑगस्ट १९९२ मध्ये एम्परर बँडच्या ढोलवादकाने लिलेहामरमध्ये एका समलिंगी पुरुषाचा खून केला. १० ऑगस्ट १९९३ रोजी बर्गेनच्या वार्ग विकर्नेसने युरोनिमसला त्याच्या घराच्या जिन्यात भोसकून मारले. मे १९९४ मध्ये विकर्नेसला खून आणि अनेक चर्चांच्या जाळपोळीबद्दल २१ वर्षांची, म्हणजे नॉर्वेतील तेव्हाची कमाल शिक्षा झाली. फांतोफ्त जाळल्याचा आरोप मात्र ज्यूरीने सिद्ध मानला नाही. त्याच्या बुर्झुम या एकखांबी बँडने १९९३ मध्ये काढलेल्या ‘आस्के’, अर्थात ‘राख’, या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर जळालेल्या फांतोफ्तचे छायाचित्र होते, आणि सुरुवातीच्या प्रतींबरोबर लायटर दिला गेला होता. हुलेनमधल्या त्या मुलाच्या सदऱ्यावर होते ते हेच चित्र.

आगीचे समर्थन असे केले गेले, की ख्रिस्ती धर्माने हजार वर्षांपूर्वी आमच्या देवांची स्थाने बळकावली, त्याचा हा सूड. पण जळाले काय? नॉर्वेच्या जुन्या सुतारांचे खांब जळाले, ड्रॅगनची डोकी जळाली. ज्या दोन-चार डझन इमारतींत त्या जुन्या हातांचा स्पर्श शिल्लक होता, त्यांतलीच एक निवडली गेली. आणि ते ‘बळकावणारे’ चर्च तिथे नव्हतेच मुळी. ते फोर्तुनहून बैलगाडीच्या मापाच्या तुकड्यांत आणलेले, शंभर वर्षांपूर्वीच्या एका व्यापाऱ्याचे हौसेचे काम होते. चुलीत फिडल घालणारा हाउगेपंथी आणि चर्चला काडी लावणारा मेटलवाला, दोघांनाही वाटत होते की आपण अशुद्ध भेसळ जाळून शुद्ध मूळ मोकळे करत आहोत. दोघांनी जाळली ती भेसळच, कारण या देशात जुने म्हणून जे काही टिकले ते भेसळीतच टिकले.

‘शुद्ध मूळ’ या कल्पनेचा नॉर्वेतला मागचा अनुभवही चांगला नाही. क्विस्लिंगच्या नात्सी पक्षाने बोर्रे येथील व्हायकिंगकालीन थडग्यांजवळ आपले मेळावे भरवले होते. विकर्नेसचा प्रवास तुरुंगात सैतानाकडून ओडिनकडे आणि तिथून उघड वंशवादाकडे झाला. म्हणून आजही लोकसंगीत, रून लिपी आणि ढाली-तलवारी घेऊन कोणी रंगमंचावर आले, की माझ्यासारख्या प्रेक्षकाची नजर आधी दंडावरच्या गोंदणाकडे जाते. ही सावधगिरी अनाठायी नाही.

तरी सारे तिथेच थांबले असते, तर त्या रात्री गुहेत फिडल आली नसती. स्टॉकहोमच्या बॅथरीने १९९० च्या ‘हॅमरहार्ट’मध्ये सैतान सोडून सागा-कथांचा संथ, समूहस्वरांचा सूर धरला होता. एन्स्लेव्ह्ड या बँडने १९९४ मधल्या पहिल्या पूर्ण अल्बमची गीते चक्क आइसलँडिक भाषेत गायली. बर्गेन परिसरातील गोर्गोरोथ या अत्यंत कर्कश बँडमध्ये ढोल वाजवलेल्या एइनार सेल्विकने २००३ मध्ये वार्द्रुना सुरू केले आणि विजेची गिटार बाजूलाच ठेवली. लायर, घोड्याच्या केसांच्या तारांचे गजवाद्य, बोकडाचे शिंग. ही वाद्ये तो स्वतः बनवायला शिकला. २०१४ मध्ये नॉर्वेच्या राज्यघटनेची द्विशताब्दी झाली, तेव्हा सेल्विक आणि एन्स्लेव्ह्डचा इवार ब्योर्नसन यांच्याकडे खास रचना मागण्यात आली. ‘स्कुग्ग्शो’ ही रचना एइड्सवोलमध्ये, जिथे १८१४ ची घटना लिहिली गेली त्याच गावी सादर झाली. मेटलच्या गिटारी आणि जुनी लोकवाद्ये एकाच मंचावर. ज्या घटनेचा हा उत्सव होता, तिच्या मूळ कलमात ज्यूंना देशात प्रवेशबंदी होती आणि ती १८५१ मध्ये उठली, हेही नोंदवून ठेवतो. चर्चच्या आसनांचा कायदाही त्याच वर्षाचा.

मला स्वतःला या दोन संगीतांचे नाते विचारसरणीपेक्षा कानात अधिक पटते. हार्डांगर फिडलची जुनी धून दोन-दोन मात्रागटांच्या छोट्या तुकड्यांची असते. तुकडा फिरून फिरून येतो, प्रत्येक वेळी किंचित बदलतो, आणि खाली तरफेच्या तारांचा गुंजारव चालू राहतो. ब्लॅक मेटलची गिटारही छोटे वाक्य असेच घोळवते, आणि तिच्या खरखरीतून जे अस्पष्ट सूर निथळतात ते कोणी वाजवलेले नसतात, केवळ झंकारलेले असतात. त्या रात्री पहिल्या बँडच्या शेवटच्या गाण्यात बाकी सारे थांबले आणि ती तरुणी एकटी वाजवू लागली. ध्वनिवर्धक पायाशी होता, त्यामुळे तिच्या बुटाचा ठेका खडकाच्या कमानीतून परत येत होता. धून कोणती ते मी स्नेह्यांना विचारले. ते म्हणाले, “आमच्या आजीच्या घरात ही वाजवायला बंदी होती.” ते हसत होते. सदऱ्यावर चर्च मिरवणारा तो मुलगाही डोळे मिटून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच ट्रामने फांतोफ्तला गेलो. १९९७ मध्ये चर्च पुन्हा उभे राहिले. जुन्या पद्धतीनेच, खांब, फळ्या, ड्रॅगनसह. भोवती आता उंच कुंपण आणि कॅमेरे आहेत. हिवाळ्यात ते बंद असते, त्यामुळे आत जाता आले नाही. झाडांतून पाऊस गळत होता. कुंपणाशी उभे राहिल्यावर ओल्या डांबराचा वास येत होता, आणि नव्या लाकडावरचा काळा थर जुन्याइतकाच काळा दिसत होता.